वाचकांचे प्रश्न : मिथेन कोठून येतो, कोठे अडवता येतो?

मागील अंकात वाढत्या उष्म्यावर जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात मिथेन वायूचा उल्लेख जेमतेम एका परिच्छेदापुरता होता. मात्र सर्वाधिक पत्रे आली ती त्या परिच्छेदावरच. गोठा, भाताची बांधी, सोसायटीचा कचरा, साखर कारखाना अशा निरनिराळ्या ठिकाणांहून आलेल्या या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांच्या नावांऐवजी त्यांचे गाव आणि व्यवसाय दिला आहे.

प्रश्न : आपल्या लेखात मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापदायक असल्याचे म्हटले आहे. अन्यत्र मी ८४ पट असे वाचले आणि एका सरकारी अहवालात तर २१ पट. यातला खरा आकडा कोणता?
— पदवीचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : तिन्ही आकडे आपापल्या हिशेबात बरोबर आहेत; फरक आहे तो मुदतीचा आणि अहवालाच्या सालाचा. मिथेन हवेत फार काळ टिकत नाही. वातावरणातील हायड्रॉक्सिल नावाचे अतिशय क्रियाशील घटक त्याचे विघटन करत राहतात आणि सरासरी दहा-बारा वर्षांत त्याचा बराचसा भाग नाहीसा होतो. कार्बन डायऑक्साइडचा काही हिस्सा मात्र शेकडो वर्षे हवेत राहतो. त्यामुळे दोन्ही वायूंच्या एकेका किलोची तुलना करायची तर आधी मुदत ठरवावी लागते. वीस वर्षांची मुदत धरली तर मिथेन ८० पटींहून अधिक उष्णता अडवतो; शंभर वर्षांची धरली तर हा आकडा २७ ते ३० च्या दरम्यान येतो, कारण सुरुवातीची वर्षे सरल्यावर मिथेन फारसा उरतच नाही. २१ हा आकडा आयपीसीसी या हवामान बदलाविषयीच्या आंतरसरकारी समितीच्या जुन्या, १९९५ च्या अहवालातील आहे. भारताने २०२१ साली संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या उत्सर्जनाच्या हिशेबात तोच वापरला होता, म्हणून तो आपल्याला सरकारी अहवालात दिसला.

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर अब्ज भागांत मिथेनचे सुमारे ७०० भाग होते; आज ते १९०० च्या पुढे गेले आहेत. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालानुसार, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाशी तुलना करता आतापर्यंतच्या तापमानवाढीत मिथेनचा वाटा सुमारे अर्धा अंश सेल्सिअस एवढा भरतो. तरीही अल्प आयुष्यामुळे या वायूबाबत एक सोय आहे. बुडाला भोक असलेल्या घागरीत पडणारी धार बारीक केली, की आतील पातळी आपोआप उतरते. तसे मिथेनचे उत्सर्जन घटवले तर त्याचे हवेतील प्रमाणही एक-दोन दशकांत उतरू लागते. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत ही सोय नाही, आणि म्हणूनच मिथेन कमी केला म्हणजे कोळसा-पेट्रोलचा विषय मिटला, असा अर्थ कोणी काढू नये.

प्रश्न : माझ्याकडे आठ संकरित गाई आहेत. शहरात शिकणारा मुलगा म्हणतो की गाईंमुळे पृथ्वी तापते. घरात यावरून रोज वाद होतो. गाई विकून टाकाव्यात की काय?
— दूधउत्पादक, संगमनेर तालुका

उत्तर : विकू नयेत, विकलेली गाय दुसऱ्याच्या गोठ्यात उभी राहून तेवढाच मिथेन सोडणार आहे. मुलाचे म्हणणे मात्र निराधार नाही. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात कोट्यवधी सूक्ष्मजीव चाऱ्यातील तंतू कुजवतात, त्यात हायड्रोजन सुटतो आणि सूक्ष्मजीवांचाच एक गट या हायड्रोजनचा कार्बन डायऑक्साइडशी संयोग घडवून मिथेन तयार करतो. हा वायू मागून बाहेर पडतो, असा समज सर्वत्र आहे आणि त्यावर विनोदही होतात. प्रत्यक्षात त्याचा बहुतांश भाग तोंडावाटे, ढेकरांतून बाहेर येतो. भारताच्या अधिकृत हिशेबात दुभत्या देशी गाईमागे वर्षाला सुमारे २८ किलो, दुभत्या संकरित गाईमागे ४३ किलो आणि दुभत्या म्हशीमागे ५० किलो मिथेन धरला जातो. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात १९ कोटींहून अधिक गोवंश आणि जवळपास ११ कोटी म्हशी आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे देशाच्या एकूण मिथेनपैकी निम्म्याहून थोडा अधिक जनावरांच्या कोठीपोटातून का येतो, ते कळते.

आता हाच हिशेब दुधाच्या लिटरवर मांडून पाहावा. समजा, एक देशी गाय वर्षाला ९०० लिटर दूध देते आणि एक संकरित गाय २७०० लिटर. पहिलीच्या लिटरमागे सुमारे ३१ ग्रॅम मिथेन पडतो, दुसरीच्या लिटरमागे १६ ग्रॅम. जनावरामागे जास्त आणि लिटरमागे कमी, असे हे उलटे गणित आहे. (यावरून देशी गाईला कमी लेखण्याचे कारण नाही, कोरडवाहू भागात निकृष्ट चाऱ्यावर टिकून राहण्याचा आणि बैल देण्याचा तिचा गुण या भागाकारात येत नाही.) गाय भाकड असली तरी रोज खाते, रवंथ करते आणि मिथेन सोडते, दूध तेवढे देत नाही. म्हणून दोन वेतांतील अंतर आटोक्यात ठेवणे, माज वेळेवर ओळखणे, कासदाह आणि लाळ्या-खुरकूत यांपासून गाय वाचवणे, कालवड वेळेत गाभण राहील असे तिचे संगोपन करणे ही रोजचीच कामे मिथेन कमी करणारीही आहेत, जरी त्यांना कोणी हवामानाचे उपाय म्हणत नसले तरी.

दुसरी बाब खाद्याची. चाऱ्यातील ऊर्जेचा साधारण सहा टक्के भाग मिथेनच्या रूपाने निघून जातो. म्हणजे तो आपण पैसे देऊन विकत घेतलेल्या खुराकाचाच भाग असतो. नुसत्या वाळलेल्या कडब्यावर हे प्रमाण वाढते. कडब्याची कुट्टी, सोबत हिरवा चारा किंवा मुरघास, गरजेइतकी पेंड आणि खनिज मिश्रण असा समतोल ठेवला तर ते उतरते. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने अनेक राज्यांत राबवलेल्या संतुलित आहार कार्यक्रमात दुधाच्या किलोमागील मिथेन दहा ते पंधरा टक्क्यांनी घटल्याचे आढळले, आणि शेतकऱ्याचा खाद्यावरील खर्चही उतरला. बेंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ नावाचे पूरक खाद्य तयार केले असून त्याने मिथेन १७ ते २० टक्क्यांनी कमी होतो, असे संस्थेचे प्रयोग सांगतात. युरोप-अमेरिकेत मान्यता मिळालेले एक रासायनिक पूरक दुभत्या गाईंमध्ये सुमारे ३० टक्के घट करते. परंतु ते रोजच्या खाद्यात मोजून मिसळावे लागते, त्यामुळे माळावर चरणाऱ्या जनावरांना त्याचा उपयोग नाही, आणि त्याचा खर्च दुधाच्या भावातून निघत नसेल तर तो एकट्या शेतकऱ्याने सोसावा, असे आम्हांला वाटत नाही. मुलाला सांगावे, की आठ गाई विकण्याऐवजी आठही गाई वेळेवर विणाऱ्या कशा राहतील, हे त्याने पाहावे.

प्रश्न : आमच्याकडे खरिपात आणि मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाण्यावर उन्हाळ्यातही धान असते. बांधीत पाणी साठवले की मिथेन निघतो म्हणे. पाण्याशिवाय धान कसे घ्यायचे?
— धान उत्पादक शेतकरी, साकोली, जि. भंडारा

उत्तर : पाण्याशिवाय घ्यायचे नाही, पाणी सतत उभे ठेवायचे नाही, एवढेच. चिखलणी करून पाणी बांधले, की काही दिवसांत मातीतील प्राणवायू संपतो आणि प्राणवायूवाचून जगणारे सूक्ष्मजीव मुळांचे अवशेष, तणस (भाताचा पेंढा), शेणखत यांचे मिथेनमध्ये रूपांतर करू लागतात. चिखलातून बुडबुडे येताना आपण पाहिले असतील. पण खरी वाट ती नव्हे. धानाच्या ताटात मुळांपर्यंत हवा पोहोचवणाऱ्या पोकळ्या असतात आणि त्याच पोकळ्यांतून मातीतील वायू वर येतो. बांधीतून निघणाऱ्या मिथेनचा ९० टक्क्यांपर्यंतचा भाग असा रोपाच्या आतूनच हवेत जातो. तो वर येऊन अडवता येत नाही, तयार होतानाच थांबवावा लागतो.

त्यासाठी फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आळीपाळीने भिजवणे-सुकवणे ही पद्धत रूढ केली. साधारण एक फूट लांबीचा, खालच्या भागाला भोके पाडलेला प्लास्टिकचा नळ बांधीत उभा रोवून आतील माती काढून टाकावी, म्हणजे जमिनीखालची पाण्याची पातळी डोळ्यांना दिसते. रोवणीनंतर रोप रुजेपर्यंत पाणी ठेवावे आणि पुढे ते जिरू द्यावे. नळातील पाणी जमिनीच्या खाली १५ सेंटिमीटर गेले की पुन्हा दोन इंच पाणी द्यावे, आणि हेच चक्र चालू ठेवावे. धान निसवण्याच्या आणि फुलोऱ्याच्या काळात मात्र ताण देऊ नये, पाणी उभे राहू द्यावे. या पद्धतीने मिथेन निम्म्याच्या आसपास घटतो, पाणीही वाचते आणि पाळ्या नीट सांभाळल्या तर उतारा घटत नाही.

दोन अडचणी सांगितल्या पाहिजेत. पहिली, बांधी सुकत-भिजत असताना नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो आणि तो वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापदायक आहे. म्हणून युरिया एकदम न फेकता विभागून द्यावा, किंवा युरियाच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या गोळ्या) चार चुडांच्या मध्ये खोल खोचाव्यात. दुसरी अडचण पावसाची. आषाढ-श्रावणात बांधी सुकवणे आपल्या हातात नसते, आणि कोकणातल्या खाचरांत तर नाहीच. त्यामुळे ही पद्धत खरी उपयोगाची आहे ती आपल्या उन्हाळी धानाला, जेथे प्रत्येक पाळी मोजून सोडता येते. त्यातही कालव्याचे पाणी कधी येईल याची शाश्वती नसेल, तर कोणताही शेतकरी आलेले पाणी आधी बांधून ठेवणार, आणि त्याला दोष देता येणार नाही. पाळीचे वेळापत्रक पाळले जाणे हाच येथे मिथेन कमी करण्याचा पहिला उपाय आहे, आणि तो बांधीत नव्हे, पाणीवापर संस्थेच्या बैठकीत ठरतो.

खरिपात काय करता येईल? ताजे तणस चिखलात गाडून लगेच पाणी बांधू नये. त्याने मिथेन सर्वाधिक वाढतो. तणस जनावरांना घालावे, त्याचे खत करावे किंवा कापणीनंतर जमीन कोरडी असतानाच नांगरून मिसळावे, म्हणजे रोवणीपर्यंत ते हवेत कुजून गेलेले असते.

प्रश्न : आमच्या १४० सदनिकांच्या सोसायटीत ओला कचरा वेगळा करून खत करावे, असा ठराव आहे, परंतु खताच्या टाकीला वास येतो म्हणून निम्मे सभासद विरोधात आहेत. कचरा पालिकेच्या गाडीत दिला तर असे काय बिघडते?
— सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सचिव, ठाणे

उत्तर : भाजीची देठे आणि शिळा भात गाडीतून गेले की ते नाहीसे झाले, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात मिसळलेला कचरा कचराभूमीवर थरावर थर रचला जातो, खालच्या थरांना हवा मिळत नाही आणि बांधीतल्या चिखलात जे होते तेच तेथे वीस-तीस मीटर उंचीच्या ढिगात वर्षानुवर्षे होत राहते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज असा, की दर हजार टन अन्नकचरा भूमिभरावात (कचरा गाडण्याच्या जागेत) गेला तर सुमारे ३४ टन मिथेन हवेत सुटतो. आणि तेथील बऱ्याच भूमिभरावांत तर वायू गोळा करण्याची सोय असते. मुंबईतील देवनारची कचराभूमी १९२७ पासून वापरात आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिला लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती आणि धुराने पूर्व उपनगरे कोंदून गेली होती. अशा आगींना ढिगातील मिथेनचे इंधन मिळते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका उपग्रह-अभ्यासात ब्युनोस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई येथील कचराभूमींवरील मिथेन मोजण्यात आला, तेव्हा मुंबईतील कचराभूमीवरून ताशी जवळपास दहा टन मिथेन निघत असल्याचे दिसले.

जुने ढीग झाकून त्यांतील वायू नळांनी ओढून जाळता येतो. मुंबईतीलच गोराईची कचराभूमी २००९ च्या सुमारास अशाच रीतीने बंद करण्यात आली. एक किलो मिथेन जाळला की पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तोच मिथेन न जळता सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबात २८ किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडवतो. नुसते जाळण्यानेही नुकसान दहा पटींनी उतरते ते असे. परंतु ढीग रचून मग तो झाकण्यापेक्षा ओला कचरा तेथवर जाऊच न देणे स्वस्त पडते. इंदूरमध्ये घरोघरी वेगळा केलेला ओला कचरा रोज ५५० टन क्षमतेच्या प्रकल्पात जातो. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पातला वायू शहराच्या बसगाड्यांना मिळतो. यंत्र कोठेही विकत मिळते. इंदूरला जमले ते घरातच कचरा वेगळा होतो म्हणून. २०१६ च्या घनकचरा नियमांनी हे वर्गीकरण देशभर बंधनकारक केले, आणि दिवसाला शंभर किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांवर तर तो जागीच जिरवण्याची जबाबदारी टाकली.

आता वासाविषयी. मिथेनला स्वतःला वास नाही. आपल्या टाकीला येणारा सडका वास हायड्रोजन सल्फाइड आणि तत्सम वायूंचा आहे; पण जेथे हे वायू होतात तेथे हवा पोहोचत नाही, हे नक्की, आणि तेथे मिथेनही होत असणार. म्हणजे विरोधी सभासदांचे नाक बरोबर सांगते आहे. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर तेवढ्याच आकारमानाचा वाळका पालापाचोळा, लाकडाचा भुसा किंवा कोकोपीट पडले पाहिजे, टाकीला बाजूंनी झरोके हवेत आणि दर तीन-चार दिवसांनी माल वरखाली झाला पाहिजे. मूठभर माल दाबला असता हाताला ओल लागावी, पाणी गळू नये. सोसायटीच्या आवारातील झाडांचा पाला सफाई कामगार गोळा करून जाळतो किंवा गाडीत देतो, तो आधी थांबवावा. त्या पाल्यावाचून टाकी चालणार नाही. जागा आणि देखभालीला माणूस असेल तर बायोगॅसचा लहान संच हाही पर्याय आहे. पुण्याच्या आरती या संस्थेने स्वयंपाकघरातील पिष्टमय कचऱ्यावर चालणारा घरगुती संच बनवला आणि त्याला २००६ साली ऊर्जाक्षेत्रातला ॲशडेन पुरस्कारही मिळाला. मात्र शहरोशहरी बसवलेले आणि वर्षभरात बंद पडलेले संच पाहता, देखभालीची तरतूद नसेल तर या वाटेला न गेलेले बरे.

प्रश्न : दलदलीतून आणि वाळवीमुळेही मिथेन निघतो, तर पाणथळ जागा बुजवाव्यात का?
— इयत्ता दहावीची विद्यार्थिनी, वसई

उत्तर : नाही. पाणथळ जागा आणि वाळवी पूर्वीही होत्या आणि तेव्हा मिथेनचे हवेतील प्रमाण स्थिर होते. वाढ झाली ती माणसाने घातलेल्या भरीमुळे. आज जगातील एकूण मिथेनपैकी सुमारे ६० टक्के मानवी उद्योगांतून येतो. पाणथळ जागा बुजवली तर तिच्या चिखलात साठलेला कार्बन मोकळा होईल आणि पुराचे पाणी आपल्या घरात येईल.

प्रश्न : सीएनजी आणि पाईप गॅस यांची ‘स्वच्छ इंधन’ म्हणून जाहिरात होते. तो वायू म्हणजेच मिथेन असेल, तर तो स्वच्छ कसा?
— निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : जळला तर बराच स्वच्छ, गळला तर मुळीच नाही. सिलिंडरमधील एलपीजी हा प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असतो. पाईप गॅस आणि सीएनजी हा मात्र प्रामुख्याने मिथेनच. तो जळताना कोळशाच्या तुलनेत तेवढ्याच उष्णतेला सुमारे निम्मा कार्बन डायऑक्साइड होतो आणि धूर, काजळी जवळजवळ नसते. परंतु विहिरीपासून शेगडीपर्यंतच्या वाटेवर तो कितीतरी ठिकाणी निसटू शकतो. कोळशाऐवजी वायूवर वीज केली आणि वाटेत तीन टक्क्यांहून अधिक वायू गळला, तर पुढच्या काही वर्षांपुरता तरी कोळशावरचा फायदा संपतो. लॉस एंजेलिसजवळच्या अलिसो कॅन्यन येथील भूमिगत साठ्याची एक विहीर ऑक्टोबर २०१५ मध्ये फुटली आणि फेब्रुवारीपर्यंत बंद करता आली नाही. तेवढ्यात सुमारे ९७ हजार टन मिथेन हवेत गेला आणि हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली.

अशा मोठ्या गळत्या आता लपत नाहीत. युरोपच्या उपग्रहावरील २०१७ पासून कार्यरत असलेले उपकरण रोज जवळपास साऱ्या पृथ्वीवरील मिथेन टिपते आणि त्याने दाखवलेल्या जागेवर अन्य उपग्रह बारकाईने पाहतात. तेल-वायू उद्योगातील उपाय सर्वांत सोपे आहेत: झडपा आणि कॉम्प्रेसर नियमित तपासणे, गळणारे सील बदलणे, दुरुस्तीच्या वेळी नळातील वायू हवेत न सोडणे. वाचलेला वायू विकता येत असल्यामुळे यांपैकी बऱ्याच उपायांचा खर्च भरून निघतो. तरीही ते सगळीकडे होत नाहीत, याला आळसाखेरीज दुसरे नाव देता येत नाही. कोळसा खाणींविषयीही याच पत्रात विचारणा आहे. चंद्रपूर-वणीच्या उघड्या, उथळ खाणींतील कोळशात वायू कमी असतो. झरिया-राणीगंजच्या खोल थरांत तो पुष्कळ असतो आणि राणीगंज भागात विहिरी खोदून तो व्यापारी तत्त्वावर काढलाही जातो.

प्रश्न : साखर कारखान्यांत हा वायू तयार करता येतो का?
— ऊस उत्पादक, शिरोळ, जि. कोल्हापूर

उत्तर : येतो, आणि महाराष्ट्रात बऱ्याच आसवन्यांत (मद्यार्क काढण्याच्या कारखान्यांत) वर्षानुवर्षे होतो आहे. मद्यार्काच्या प्रत्येक लिटरमागे आठ ते पंधरा लिटर स्पेंट वॉश, म्हणजे मद्यार्क काढल्यावर उरणारे सांडपाणी, निघतो. तो उघड्या खड्ड्यात साठवला तर मिथेन हवेत जातो, बंद टाकीत कुजवला तर बॉयलरला इंधन मिळते. तीच गोष्ट प्रेसमडची, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळाची. साधारण २५ टन प्रेसमडपासून एक टन बायो-सीएनजी (शुद्ध करून दाबलेला बायोगॅस) मिळतो आणि उरलेले खत शेताला जाते. शहरी कचऱ्यासारखा प्रेसमड निवडावा लागत नाही, गावोगाव फिरून गोळा करावा लागत नाही. अडचण एवढीच, की गाळप चार-पाच महिने आणि प्रकल्प वर्षभर चालायचा, त्यामुळे प्रेसमड साठवावा लागतो. उघड्या ढिगात तो आतून तापतो, कुजतो आणि मिळायचा वायू आधीच उडून जातो. केंद्र सरकारने २०२५-२६ पासून सीएनजी आणि पाईप गॅसमध्ये एक टक्का, आणि २०२८-२९ पर्यंत वाढवत पाच टक्के बायोगॅस मिसळण्याचे बंधन घातले असल्याने या वायूला गिऱ्हाईक मिळण्याची चिंता कमी झाली आहे.

प्रश्न : मिथेन घटवण्याच्या जागतिक संकल्पात भारत सहभागी का झाला नाही? ही जबाबदारी टाळणे नव्हे काय?
— वकील, नागपूर

उत्तर : नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत अमेरिका आणि युरोपीय संघाच्या पुढाकाराने हा संकल्प जाहीर झाला. २०२० च्या तुलनेत २०३० पर्यंत जगाचे मिथेन उत्सर्जन ३० टक्क्यांनी घटवायचे, असा तो आहे आणि दीडशेहून अधिक देश त्यात आले. भारत त्यात नाही. भारताच्या २०१६ सालच्या हिशेबानुसार देशातील मिथेनपैकी सुमारे ७४ टक्के शेती आणि पशुपालनातून, १४ टक्के कचरा व सांडपाण्यातून आणि ११ टक्क्यांच्या आसपास ऊर्जाक्षेत्रातून येतो. शेतीतला हा मिथेन दोन-चार जनावरे आणि एक-दोन एकर धान असलेल्या कोट्यवधी कुटुंबांचा आहे, तो चैनीचा नसून पोटाचा आहे आणि त्यावर आंतरराष्ट्रीय बंधनांचे ओझे नको, असे सरकारचे म्हणणे आहे.

आमच्या मते हा युक्तिवाद गोठ्यापुरता आणि बांधीपुरता पटणारा आहे. अल्पभूधारकाला लिटरमागे किंवा क्विंटलमागे फायदा दिसेल तेच उपाय द्यावेत, सक्ती करू नये. परंतु हाच युक्तिवाद कचराभूमींना, प्रक्रिया न करता नदीत सोडलेल्या सांडपाण्याला आणि वायुवाहिन्यांना लागू होत नाही. तेथील मिथेन कोणा गरिबाच्या पोटाचा नाही. तो महापालिकांच्या आणि कंपन्यांच्या दुर्लक्षाचा आहे, त्याच्या जागा मोजक्या आणि ठाऊक असलेल्या आहेत, आणि तो रोखायला कोणत्याही जागतिक संकल्पावर सही करण्याची गरज नाही. संकल्पात नसणे हे जोवर कचरा आणि ऊर्जाक्षेत्राच्या या पाव हिश्श्याबाबतही काही न करण्याचे निमित्त ठरते, तोवर आपला आक्षेप रास्त आहे.

प्रश्न : आमच्याकडे दोन घनमीटरचा दीनबंधू पद्धतीचा गोबरगॅस आहे. मुले मुंबईला असल्यामुळे घरी आम्ही दोघेच, गॅस उरतो. शेगडीची कळ उघडून तो सोडून देतो. चालेल ना?
— शेतकरी, कुडाळ, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : चालणार नाही, आणि हे ताबडतोब थांबवावे, आधी स्वयंपाकघरात स्फोटाचा धोका आहे म्हणून. हवेत मिथेन पाच टक्क्यांवर गेला, की ठिणगी पुरते.

दोन घनमीटरच्या संचाला चार-पाच जनावरांचे मिळून रोज सुमारे ५० किलो शेण लागते. तो पूर्ण चालला तर दिवसाला दोन घनमीटर वायू देतो, त्यात ५५ ते ६० टक्के मिथेन, म्हणजे वजनाने जवळपास ८०० ग्रॅम. वर्षाचा हिशेब २९० किलोंच्या घरात जातो. यातला दहावा भाग जरी न जळता सुटला, तरी २९ किलो झाला. एक दुभती देशी गाय वर्षभरात ढेकरांतून जेवढा सोडते तेवढा. शेण उकिरड्यावर पातळ थरात पडले किंवा शेणी थापून वाळवल्या, तर त्याला हवा मिळते आणि मिथेन फार होत नाही. संचात आपण तो मुद्दाम, भरपूर तयार करतो. म्हणून तयार झालेला जाळणे ही संचाची पहिली अट आहे. ती पाळली तर लाकूड आणि सिलिंडर वाचतो आणि खतही मिळते. न पाळली, तर संच नसता तेच बरे होते.

आपण दोघेच असाल तर शेणकाला निम्म्यावर आणावा आणि उरलेले शेण पाल्यात मिसळून खताला घालावे. आठवड्याभरात वायू आपोआप कमी होईल. शेणकाला कमी न करता नुसती कळ बंद ठेवण्याचा उपयोग नाही, कारण दीनबंधू संचात घुमट पक्का, न हलणारा असतो; त्यातील दाब वाढला की रबडी निर्गमाच्या टाकीत ढकलली जाते आणि शेवटी जादा वायू तिकडूनच निघून जातो. तरीही एखाद्या दिवशी उरलाच, तर शेगडी पेटवून पाणी तापवावे, जनावरांचे आंबोण शिजवावे. शेजारी जवळ असेल तर नळी त्यांच्याकडे नेता येते. बाहेर पडलेली रबडी खोल खड्ड्यात साठवू नये, तिच्यातून मिथेन येतच राहतो; ती पाल्यावर ओतावी किंवा आठवड्याला बागेत न्यावी. पावसाळ्यानंतर एकदा घुमटावरची माती बाजूला करून भेगा पाहाव्यात, आणि मुख्य कळ, नळीचे सांधे व शेगडीची नळी यांवर साबणाचे पाणी लावून फुगे येतात का ते तपासावे. काडी ओढून गळती शोधू नये आणि संच रिकामा करण्याची वेळ आली तर कोणीही आत उतरू नये.